कावळ्याला कबूल केलेला ट्रान्सफॉर्मर

कावळा भिंतीवर बसला होता आणि खाली उतरायला तयार नव्हता.

आम्ही नर्मदेच्या घाटावर होतो. माझ्या बायकोचा दहावा दिवस. पिंड मांडून झाले होते, आणि आम्ही सगळे रीतीप्रमाणे मागे सरून उभे होतो. कावळ्याने चोच आधी एका बाजूने भिंतीला पुसली, मग दुसऱ्या बाजूने, जेवण उरकल्यासारखी. गुरुजी हळूच म्हणाले, गेलेल्या माणसाचं काही राहून गेलं असेल तर ते पुरं करायचं कबूल करा. मनातल्या मनात नको, आवाज करून बोला.

मग कबुल्या सुरू झाल्या. तिची मोठी बहीण नागपूरहून आली होती. मी त्यांना ताई म्हणतो. घाटावर बायका येत नाहीत असं सगळ्यांनी सांगूनही त्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, त्यामुळे कोणाचा इलाज चालला नाही. पहिला मान त्यांनीच घेतला. भाऊजींना उपाशी राहू देणार नाही, असं त्या कावळ्याकडे बघून म्हणाल्या. कावळा हलला नाही. एका चुलतभावाने कुलदेवीला जाऊन येण्याचं कबूल केलं. दुसऱ्याने तिच्या तुळशीला रोज पाणी घालण्याची हमी दिली. तुळस आमच्या भोपाळच्या घरी आणि तो राहतो रायपूरला. कावळ्याने त्याच्याकडे पाठ केली.

गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावता येतो, शास्त्रात तशी सोय आहे. ताई म्हणाल्या, "खरा समोर बसला असताना गवताचा कशाला?"

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. चारचौघांत सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

माझी बायको विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात, चाचणी विभागात होती. ट्रान्सफॉर्मर तयार झाला की तो पूर्ण भारावर चालवून बघायचा आणि मगच पास करायचा, हे तिचं काम. पास झालेला ट्रान्सफॉर्मर लांबलचक ट्रेलरवर चढून मुंगीच्या पावलांनी गेटबाहेर पडायचा, आणि त्यानंतर तो तिला पुन्हा कधी दिसायचा नाही. कुठे जातात गं हे सगळे, असं मी एकदा विचारलं होतं. जातात कुठेतरी, म्हणाली. कागदावर गावाचं नाव असे, पण ते गाव तिने बघितलेलं नसे. मुली सासरी पाठवाव्यात आणि कोणाचाच खुशालीचा फोन येऊ नये, तसं तिचं झालं होतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही पिपलानीचं कारखान्याचं क्वार्टर सोडून आनंद नगरला आलो. मी पुस्तकांची कपाटं लावली. तिने एक कॉम्प्युटर घेतला आणि त्यात ट्रक चालवण्याचा खेळ शोधून काढला. युरोपातले रस्ते, तिथली गावं, एका गावचा माल दुसऱ्या गावी न्यायचा. सफरचंदं, सिमेंट, औषधं, काय हवं ते मिळायचं. तिने ट्रान्सफॉर्मरशिवाय दुसरं काही कधी उचललं नाही. सकाळी भाजी निवडता निवडता ती सांगायची, "आज पोलंडला पोचायचंय, तुम्ही जेवून घ्या." आणि माल पोहोचला की तिथेच ट्रक उभा करून ती बराच वेळ नुसती बघत बसायची. शेवटी एकदाची मुलीच्या घरी जाऊन आलेली आई.

एका दुपारी तिने जर्मनीत कुठल्याशा पेट्रोल पंपाशेजारी ट्रक लावला, खेळ सेव्ह केला आणि बरं वाटत नाही म्हणाली. हॉस्पिटलात तिने माझा हात धरून सांगितलं, "अहो, माझा ट्रान्सफॉर्मर रस्त्यात उभा आहे." सिस्टरने माझ्याकडे कणवेने पाहिलं. पेशंटला भ्रम झालाय असं तिला वाटलं असावं. मला मात्र कळलं होतं, आणि मी म्हणालो होतो की घरी गेल्यावर बघू.

तर घाटावर मी एक पाऊल पुढे झालो, घसा साफ केला आणि म्हणालो, "तुझा ट्रान्सफॉर्मर मी पोहोचवतो."

कावळा उतरला. अगदी लगेच उतरला, मला शंका घ्यायलाही सवड न देता. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला आहे. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी पोरांना दरवर्षी सांगत असे. घाटावर ते मला आठवलं, आणि मी ते सोडून दिलं.

मागे कुजबुज झाली. तिच्या विभागातले एक निवृत्त साहेब आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, घरात कारखान्याचं काही सामान तर नाही ना राहून गेलं? असेल तर सांगा, मी गुपचूप जमा करवून देतो." ट्रान्सफॉर्मर घराएवढा असतो आणि आमचं घर ट्रान्सफॉर्मरएवढं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण सरकारी मालाची धास्ती एकदा अंगात मुरली की माप आठवत नाही. मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नसावा. चहाला घरी आले तेव्हा ते उगाचच मागच्या अंगणात डोकावून आले.

परतीच्या वाटेवर ताईंनी मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत वाटेतलं ओबेदुल्लागंज मागे पडलं होतं.

"म्हणजे कावळ्याला तुम्ही खेळातलं वचन दिलं?"

"हो."

"आणि त्यानं ते घेतलं?"

"तुमच्यासमोरच."

"मग आता पाळावं लागते, भाऊजी. मी बसून राहते तंवर."

तेराव्यानंतर पाहुणे गेले. ताई राहिल्या. त्यांचं परतीचं तिकीट मी कॉम्प्युटर चालू करीपर्यंत रद्द झालेलं होतं.

कॉम्प्युटर चालू केला तर त्याने आधी दीर्घ श्वास घेतला आणि मग खेळाची नवी आवृत्ती उतरवून घेऊ लागला. घर सुतकात असताना खेळात सुधारणा झाली होती. रस्ते नवे, आकाश नवं, पावसाचे थेंब नवे. आणि त्या सुधारणेने चित्राची सगळी मापं परस्पर सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवली होती. आतला पंखा घोंघावू लागला. पेट्रोल पंप दिसला, तिचा ट्रक दिसला, मागे ट्रेलरवर करडा ट्रान्सफॉर्मर दिसला. मी ट्रक सुरू केला. एक चित्र दिसे, मग काही वेळाने दुसरं, मधलं सगळं गायब, ताईंच्या घरच्या लग्नाच्या अल्बमसारखं. मग पडदा काळा झाला. कॉम्प्युटरचा डबा हाताला इतका गरम लागला की ताईंनी वर पापड वाळत घालता येतील असं सुचवलं.

आता भीती खरी होती. तिचा ट्रक या डब्यातच उभा होता. तो दुसरीकडे हलवण्याची काही रीत असेलही, पण मला ती येत नव्हती आणि डबा कोणाच्या हाती देण्याची हिंमत नव्हती. भोपाळचा मे महिना. अशा उन्हात हे जुनं यंत्र भलत्या भाराने एकदा जळलं, की कावळ्याला दिलेला शब्द कायमचा पेट्रोल पंपावर.

मी माझ्या सवयीने वाचायला बसलो. इंटरनेटवर जगभरची माणसं या विषयावर भांडताना सापडली. आमच्यासारख्या जुन्या कॉम्प्युटरला ती मंडळी प्रेमाने बटाटा म्हणतात. ताईंना राग आला. त्यांच्या बहिणीच्या वस्तूला कोणी बटाटा म्हणावं हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. पण त्या बटाटेवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्राला झेपेल तेवढंच मागा. कुठली गोष्ट यंत्राला किती दमवते ते शोधा आणि जी जास्त दमवते ती आधी उतरवा. एका वेळी एकच बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. याला मी ऐतिहासिक पद्धत म्हणत आलो होतो.

पहिल्यांदा मी वेग बांधून टाकला. यंत्र दर सेकंदाला जमतील तेवढी चित्रं काढत धावत होतं, त्याला मी थोडक्यात भागव म्हणून सांगितलं. पंख्याचा आवाज उतरला. बायकोने यावर तोंड वाकडं केलं असतं. पूर्ण भार दिल्याशिवाय यंत्राचा स्वभाव कळत नाही, असं तिचं म्हणणं. मी कायमचा अर्ध्या भारावर चालत आलोय, असंही तिचं म्हणणं होतं.

मग सावल्या. सावल्या फार महाग असतात असं सगळे बटाटेवाले एकमुखाने सांगत होते. मी त्या पूर्ण बंद केल्या. ट्रक लगेच हलका झाला आणि चालू लागला. ताई बाजूच्या खुर्चीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"भाऊजी, याला सावली नाही."

"बंद केलीय."

"ज्याला सावली नसते ते काय असते, ठाऊक आहे नं तुम्हाला?"

मी पाहिलं. ट्रान्सफॉर्मर रस्त्यापासून वीतभर वर तरंगत चालला होता. तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. मी निमूटपणे सावल्या चालू केल्या, पण सगळ्यात खालच्या पायरीवर. चाकांखाली काजळ पुसल्यासारखा एक डाग आला. ताई म्हणाल्या, एवढं पुरे.

आरशांवरून आमचं वाजलं. ट्रकला पुष्कळ आरसे होते आणि प्रत्येक आरशासाठी यंत्राला मागचा सगळा देखावा पुन्हा काढावा लागत होता. मी म्हणालो, सगळे काढू, मागे वळून बघायचंय कोणाला? ताईंनी ठाम नकार दिला. त्यांची बहीण स्कूटरच्या आरशाशिवाय कधी बाहेर पडली नाही, असं त्या म्हणाल्या. हे खरं होतं. त्या स्कूटरवर मी मागे बसायचो. पिपलानीपासून बरखेड्यापर्यंत सगळ्या टाउनशिपने मला बायकोच्या मागे, मांडीवर पुस्तकांची पिशवी घेऊन बसलेलं पाहिलं आहे. मला गाडी येत नाही. आरशात ती मागची वाहनं बघते असं मी समजत असे. ताईंनी सांगितलं की ती आधी स्वतःचा अंबाडा बघायची आणि मग मी पडलो तर नाही ना ते. एक आरसा ठेवला. छोटा, डावीकडचा, धुरकट.

झाडांना ताईंनी हात लावू दिला नाही. गवतावर तडजोड झाली, अर्धं उपटलं. ओल्या रस्त्यात पडणारी दिव्यांची प्रतिबिंबं गेली. लांबचे डोंगर जवळ आल्याशिवाय दिसेनासे झाले. कडा खरबरीत झाल्या. ताईंना आता यात गोडी लागली होती. लो, मीडियम, हाय, अल्ट्रा हे शब्द त्या भाजीच्या भावासारखे उच्चारू लागल्या. "याला मीडियम कशाला, लोमध्ये द्या."

शेवटी ट्रक सरळ चालू लागला. तेव्हा मलाच खटकलं. तिने जो रस्ता बघितला होता तो हा नव्हता. हे तिच्या जर्मनीचं उरलंसुरलं होतं, घर बदलताना रिकामी केलेली खोली असते तसं. या रस्त्याने नेलेला माल पोहोचला असं कसं म्हणायचं? मी ताईंना तसं विचारलं. धर्माचा निकाल त्यांच्याकडे असतो.

त्यांनी वातीचं टोक पिळलं. म्हणाल्या, "पूजेत देवाला दागिने कुठून देता तुम्ही?"

"अक्षता वाहतो."

"आणि वस्त्र नसलं तर?"

"अक्षता."

"मग? हे सावलीच्या जागी अक्षता, हे गवताच्या जागी अक्षता. देवाला चालते, तिला नाही चालणार? चला, सोडा ब्रेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कूलरचं तोंड डब्याकडे फिरवून, आम्ही निघालो. मी चालवत होतो. आयुष्यात प्रथमच मी पुढे होतो. मागे पेट्रोल पंप लहान होत गेला. माझा वेग पाहून मागून येणारी युरोपातली सगळी वाहनं हॉर्न वाजवत होती. ताईंनी त्यांना नागपुरी भाषेत उत्तरं दिली. एका वळणावर मी दुभाजकाला घासलो आणि पडद्यावर मालाचं थोडं नुकसान झाल्याची सूचना आली. मी म्हणालो, सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करू का? ताई म्हणाल्या की वचन एकदाच पाळायचं असते, वहीतल्या गणितासारखं खोडून पुन्हा नाही. मग मी आणखी हळू चालवू लागलो. मध्ये त्यांनी उठून वरणभाताचा कुकर लावला. मी सिग्नलला उभा होतो.

दुपार कलताना वीज केंद्राचं आवार आलं. जाळीचं कुंपण, खांब, रिकामा चौथरा. तिथे खेळाने विचारलं की ट्रेलर मागे घेऊन नेमका जागेवर लावणार, की थोडा सोपा पर्याय हवा, की ते सगळं टाळून नुसती पोच घ्यायची?

"ती काय करायची?" ताईंनी विचारलं.

"अवघड तेच."

मी अवघड घेतलं. ट्रेलर मागे घेताना डावीकडे वळायचं तर उजवीकडे फिरवावं लागतं, हे मला तत्त्वतः पटलं होतं. हातांना पटत नव्हतं. ट्रक आणि ट्रेलर एकमेकांकडे तोंड फिरवून रुसल्यासारखे उभे राहत, पुन्हा पुढे घ्यावं लागे. जेवण गार झालं. त्या एका धुरकट आरशात चौथऱ्याचा कोपरा दिसत होता आणि त्याच्या भरवशावर मी इंच इंच सरकत होतो. ताई खुर्चीतून उठून पडद्याजवळ उभ्या राहिल्या आणि अंगणातल्या गाडीला सांगावं तसं हाताने सांगू लागल्या. येऊ द्या, येऊ द्या, थोडं इकडे, बस.

चौकोन हिरवा झाला. एक कळ दाबली की माल पोहोचला.

मी कळ दाबली नाही. मी मागे सेटिंग्जमध्ये गेलो आणि एकेक पायरी वर चढवू लागलो. सावल्या अल्ट्रा. गवत पूर्ण. आरसे सगळे. प्रतिबिंबं, डोंगर, कडा, बांधलेला वेगसुद्धा सोडला. ताईंनी विचारलं, काय करून राहिले? मी म्हणालो, पूर्ण भारावर बघतोय.

पंखा ओरडू लागला. चित्र एकदा आलं आणि थांबलं. पण काय आलं होतं! ऊन तिरपं झालेलं होतं. ट्रान्सफॉर्मरची लांब सावली चौथऱ्यावरून कुंपणापर्यंत गेली होती आणि कुंपणाच्या जाळीची सावली त्याच्या अंगावर पडली होती. मागे गवताचं पातं न पातं होतं. तिथे ती बसून काय बघत असे ते मला दिसलं. ताईंनी वहीचा पुठ्ठा घेतला आणि डब्याला वारा घालू लागल्या. "थांब गं," त्या डब्याला म्हणाल्या, "झालंच आता." मी कळ दाबली. पोचपावतीचा एक आवाज आला, नुकसानीची रक्कम कापल्याचं दिसलं, आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर आम्ही गार वरणभात खाल्ला. दोघांपैकी कोणीच डब्याचं नाव काढलं नाही. डबा निवल्यावर मी तो पुन्हा लावला. तो लागला. सगळं पूर्वीसारखं खाली उतरवून मी आत गेलो. ट्रक आवारात उभा होता, मागे ट्रेलर नव्हता. ताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

आता मी एकटाच चालवतो. ताई नागपूरहून फोन करतात, जेवलात का विचारतात, मग कुठवर पोचलात ते विचारतात. मी सावल्या एकेक पायरी वाढवून बघतो आणि पंखा ओरडला की परत घेतो. ट्रान्सफॉर्मरच नेतो. पण एक माल मी मुद्दाम पोलंडच्या अलीकडे एका पंपावर उभा करून ठेवला आहे. परवा मी ताईंना ते सांगितलं. माझ्या दहाव्याला कावळा नाही शिवला तर काय बोलायचं, कोणत्या पंपावर जायचं, सावल्या कुठल्या पायरीवर ठेवायच्या आणि आरसा कुठला, ते सगळं नीट सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी तुमच्याहून मोठी आहे, भाऊजी. आधी माझा कावळा."

"मग तुमचं काय राहिलंय ते आत्ताच सांगून ठेवा."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"नाही सांगत," ताई म्हणाल्या. "बसू द्या मेल्याला भिंतीवर."